संसारांतील यंत्रें : न दिसणारी हार्ड डिस्क

गेल्या अंकांत या सदरांत गच्चीवरील पाण्याच्या टाकीविषयीं लिहितांना, पुढील वेळीं इन्व्हर्टरसंबंधीं लिहूं असें आम्हीं वाचकांस सांगितलें होतें. तें वचन या महिन्यांत पाळतां येत नाहीं. मध्यंतरीं आमच्याच घरांत एका यंत्रानें सर्वांची झोंप उडविली, आणि त्या पांच-सहा दिवसांत जें शिकलों तें ताजें आहे तोंवरच लिहून ठेवावें असें वाटतें. शिवाय हा विकार असा आहे कीं, ज्या घरीं जुना टेबलावरचा संगणक आहे त्या घरीं तो केव्हां ना केव्हां उद्भवण्याचा संभव असतो.

आमचें बिऱ्हाड वाईस असून तीन पिढ्यांचीं मिळून अकरा माणसें एकत्र राहतात. माजघरालगतच्या खोलींत २०१४ सालीं घेतलेला एक संगणक आहे. त्याच्या टेबलाखालच्या पत्र्याच्या पेटीस घरांतील सर्व लहानथोर ‘सीपीयू’ म्हणतात. वस्तुतः सीपीयू ही त्या पेटींतील एक लहानशी चौकोनी चिप. तिच्या नांवानें सबंध पेटीस हांक मारणें शास्त्रशुद्ध नव्हे. परंतु लक्षणा एकदां भाषेंत रुळली म्हणजे तिच्याशीं भांडण्यांत अर्थ नसतो. आम्हीहि सीपीयूच म्हणतों.

या पेटींत काय होतें तें आधीं सांगितलें पाहिजे. आमच्या थोरल्या वहिनी गेल्या चैत्रांत वारल्या. जात्यावरच्या ओव्या, मंगळागौरीचीं व भोंडल्याचीं गाणीं त्यांस अपार मुखोद्गत होतीं. त्यांची नात चि. गार्गी पुण्याहून सुटींत येई तेव्हां त्यांच्यापुढें फोन ठेवून तीं गाणीं ध्वनिमुद्रित करी. दोन वर्षांत अशीं १४३ मुद्रणें झालीं. फोनमधील जागा भरली तेव्हां तिनें तीं या संगणकावर उतरविलीं. फोन पुढें बदलला. म्हणजे त्या गाण्यांची प्रत जगांत एकच, आणि ती या पेटींतील हार्ड डिस्कवर. वहिनींच्या पश्चात् आमचे थोरले बंधु दुपारचा चहा झाल्यावर त्या खोलींत येत, नातू ओंकार याच्याकडून एखादी ओवी लावून घेत, आणि ती संपली कीं कांहीं न बोलतां उठून जात. हा नित्यक्रम घरांत सर्वांस ठाऊक होता. त्याविषयीं कोणी बोलत मात्र नसे.

गणपतीच्या आधींच्या आठवड्यांत एका सायंकाळीं ओंकार संगणकापाशीं बसला, तों यंत्र थिजलेलें. कळ दाबून बंद केलें, पुन्हां चालू केलें. तेव्हां काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक इंग्रजी वाक्य उभें राहिलें. त्याचा भावार्थ एवढाच कीं, ज्यावरून काम सुरू करावयाचें असें साधनच सांपडत नाहीं. ओंकार चवदा वर्षांचा. खेळ खेळतो, हा त्याचा लौकिक. त्यामुळें पांच मिनिटांच्या आंत घरांत निकालपत्र वाचून झालें. त्याच्या काकूनें विचारलें, “काय उतरवून घेतलेंस रे?” आमच्या सौभाग्यवतींनीं तर त्याच्या खेळण्याचा दोन वर्षांचा इतिहासच सांगितला. बंधु दाराशीं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “गेलीं का सगळीं?” त्यावर उत्तर द्यावयास कोणी पुढें झालें नाहीं. आम्ही तेथेंच होतों. आम्हीहि कांहीं बोललों नाहीं.

आमची पुतणसून साताऱ्यास एका कचेरींत संगणकाचेंच काम करते. ती आठ वाजतां घरीं आली. हातपाय धुण्यापूर्वींच तिनें सांगितलें, “काका, आतां कोणींहि कांहीं दाबूं नका. विंडोज पुन्हां घालूं का, डिस्क नव्यानें तयार करूं का, असें तें विचारील. त्याला हो म्हणूं नका.” या एका वाक्याचें मोल आम्हांस मागाहून कळलें. डिस्कवर कोणता मजकूर कोठें आहे याची एक अनुक्रमणिका असते. ‘इनिशियलाइज’ किंवा ‘फॉर्मॅट’ या शब्दांस मान डोलावली म्हणजे जुन्या अनुक्रमणिकेच्या जागीं कोरी बसते. मजकूर बहुधा मागें असतो, परंतु त्याचा पत्ता पुसला जातो. मग तो शोधणें म्हणजे पानांचे अंक व अनुक्रम नाहींसे झालेली पोथी जुळविण्यासारखें होतें. बाजारांतील उतावळा दुरुस्तीवाला पुष्कळदां प्रथम हेंच करतो, कारण यंत्र चालू झालें कीं त्याचें काम झालें. आपलें काम यंत्र चालू करणें हें नसून आंतील वस्तु वांचविणें हें आहे, हें त्याला आरंभींच बजावावें.

आतां यंत्र ‘दिसत नाहीं’ म्हणतें म्हणजे नेमकें काय म्हणतें? पेटीची कळ दाबतांच विंडोज वगैरे कांहीं जागें झालेलें नसतें. मुख्य फलकावर, ज्यास मदरबोर्ड म्हणतात, एक लहानसा कार्यक्रम कायमचा कोरलेला असतो. जुन्या यंत्रांत त्यास बायॉस म्हणत, नव्यांत यूईएफआय म्हणतात. तो शाळेंतल्या हजेरीप्रमाणें प्रत्येकास हांक मारतो. स्मृति आहे काय? कळफलक आहे काय? फलकाला डिस्क जोडण्याचीं जीं छिद्रें असतात त्यांतील एकेकास विचारतो, तुझ्यापाशीं कोण आहे? डिस्क असली तर ती आपलें नांव, क्रमांक व मान सांगते. उत्तर आलें नाहीं, तर ती गैरहजर.

गैरहजेरीचा अर्थ लावतांना आम्हांस आमच्या पाठशाळेंतील दिवस आठवले. मीमांसकांपैकीं भाट्ट मताचे व वेदांती अनुपलब्धि हें स्वतंत्र प्रमाण मानतात, नैयायिक मानीत नाहींत. परंतु मानणारेहि एक अट घालतात. वस्तु तेथें असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिति पाहिजे. उजेडांत भूमीवर घट दिसत नाहीं, तर घट नाहीं. अंधारांत दिसत नाहीं, तर कांहींच सिद्ध होत नाहीं. संगणकाची हजेरी बहुतेक वेळां अंधारांतच घेतलेली असते. तार सैल असली, वीज पोंचली नाहीं, छिद्रच बंद ठेवलें असलें, तरी यंत्राचें वाक्य तेंच. म्हणून तें वाक्य वाचून रडूं नये आणि नवी डिस्कहि विकत आणूं नये.

सूनबाईनें पहिली गोष्ट केली ती कान देण्याची. यंत्र चालू करून पेटीस कान लावला. जुन्या जातीच्या डिस्कमध्यें चकत्या असतात व त्या बहुधा मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. त्यांच्यावरून वाचणारें टोंक चकतीस न टेकतां तरंगत जातें; मधली फट केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनहि लहान. डिस्क निरोगी असेल तर प्रथम बारीक घरघर चढत जाते आणि मग स्थिरावते. अजिबात आवाज नसला तर वीज पोंचत नाहीं, किंवा आंतील विद्युत्-फलक अथवा मोटर गेली. ‘टक्-टक्-टक्’ असा ठराविक अंतरानें ठोका पडत असला तर तें लक्षण वाईट. टोंक आपली जागा शोधत आहे व ती सांपडत नाहीं. अशा वेळीं तत्काळ बंद करावें व पुन्हां चालू करून ‘बघूं तरी’ म्हणूं नये, कारण प्रत्येक प्रयोगांत चकती ओरखडली जाण्याची भीति असते. ती शीतकपाटांत ठेवावी असा एक उपाय लोक सांगतात. आंत दंव धरून उरलेंसुरलेंहि जाईल. स्क्रू काढून डिस्क उघडणें तर मुळींच नको. (ज्यांच्याकडे नव्या जातीची एसएसडी आहे त्यांनीं कान देऊन उपयोग नाहीं. तींत फिरणारें कांहींच नसतें.)

आमच्या डिस्कची घरघर व्यवस्थित होती. सूनबाईचा चेहरा थोडा सैल झालेला पाहून आम्हांसहि धीर आला.

दुसरी गोष्ट बायॉसमध्यें शिरून हजेरीपट पाहण्याची. यंत्र चालू होतांच डिलीट किंवा एफ-२ ही कळ वारंवार दाबावी. कोणती, तें पहिल्या पडद्यावर क्षणभर लिहिलेलें असतें. येथें तीन वाटा फुटतात. हजेरीपटांत डिस्कचें नांव आहे, पण विंडोज सुरू होत नाहीं, तर क्रम बिघडला आहे किंवा विंडोज बिघडलें आहे. डिस्क बिचारी हजर आहे. नांव आहे, विंडोज दुसऱ्या डिस्कवरून चालतें, पण ही डिस्क त्यांत दिसत नाहीं, तर तिला अक्षर दिलेलें नसेल किंवा तिची अनुक्रमणिका दुखावली असेल. आणि हजेरीपटांतच नांव नाहीं, तर दोष तार, वीज, छिद्र, मांडणी अथवा स्वतः डिस्क यांपैकीं कोठें तरी. आमची तिसरी वाट होती.

मांडणीचा विचार थोडक्यांत सांगतों. फलकावर रुपयाच्या नाण्यासारखी एक चपटी बॅटरी असते, तीन व्होल्टची, बहुधा सीआर २०३२ या नांवाची. ती कांहीं वर्षांनीं मरते. मग यंत्र दिनांक विसरतें आणि त्याबरोबर आपण केलेली मांडणीहि विसरतें. दिनांक भलताच दाखवीत असेल तर आधीं ती बदलावी. आमचा दिनांक बरोबर होता. आमच्या एका स्नेह्यांकडे निराळाच प्रकार घडला. त्यांनीं फलकावर थेट बसणारी एक नवी पातळ एसएसडी घातली आणि जुनी डिस्क एकाएकीं नाहींशी झाली. कित्येक फलकांत ही नवी जागा भरली कीं जुन्यांपैकीं एक-दोन छिद्रें आपोआप बंद होतात. फलकाच्या पुस्तिकेंत तें लिहिलेलें असतें, परंतु पुस्तिका कोण वाचतो? तार शेजारच्या छिद्रांत घालतांच जुनी डिस्क परत आली. दरम्यान त्यांनीं तीन हजारांची नवी डिस्क आणली होती.

मग पेटी उघडली. भिंतीवरचें बटण बंद, प्लग काढलेला, त्यानंतर पेटीची कळ एकदां दाबून उरलेली वीज घालविली, आणि हात पत्र्यास लावला, म्हणजे अंगांतील स्थिर विजेचा धक्का फलकास बसत नाहीं. वीज पुरविणारा जो स्वतंत्र डबा असतो तो मात्र प्लग काढल्यावरहि उघडूं नये. आंत धूळ किती होती म्हणून सांगावें! डिस्कला दोन तारा येतात. रुंद ती विजेची, पंधरा टोंकांची. अरुंद ती निरोपाची, सात टोंकांची. ही पद्धत २००३ च्या सुमारास रूढ होऊं लागली. त्यापूर्वींच्या आमच्या यंत्रांत रुंद अशी चपटी पट्टी असे, आणि एका पट्टीवर दोन डिस्क बसविल्या तर एकीस धनी व दुसरीस दास ठरविण्यासाठीं इवलेंसें टोपण योग्य जागीं घालावें लागे. तें चुकलें कीं दोघीहि रुसत. त्या मानानें आजची तार सोपी. पण ती लहान आहे व हलकी आहे, आणि आमच्या तारेस ती पकडून ठेवणारी धातूची पट्टीहि नव्हती.

अरुंद तार एका बाजूनें किंचित् वर आलेली होती. सूनबाईनें ती काढून पुन्हां नीट बसविली. यंत्र चालू केलें. हजेरीपटांत नांव आलें! ओंकारनें टाळी वाजविली. घरांत चहा झाला. आणि तासाभरानें तें पुन्हां थिजलें व पुन्हां तेंच पांढरें वाक्य.

येथें पुष्कळ लोक डिस्क मेली असा निष्कर्ष काढतात. सूनबाई म्हणाली, “काका, एका वेळीं एकच गोष्ट बदलायची.” हें अन्वयव्यतिरेकाचें तत्त्व आम्हीं तीस वर्षें मुलांस शिकविलें, तिनें तें आमच्यादेखत पत्र्याच्या पेटींत वापरलें. पेटींत डीव्हीडी वाचणारें एक यंत्र होतें, कित्येक वर्षें कोणीं न वापरलेलें. त्याची निरोपाची तार तशीच असते. फलकावरचें छिद्र तेंच ठेवून तिनें फक्त तार बदलली, डीव्हीडीची डिस्कला लावली. नांव आलें आणि राहिलें. मग संशयित तार डीव्हीडीस लावली, तों हजेरीपटांतून डीव्हीडी नाहींशी झाली. ती तार असतां दोष असतो, ती नसतां दोष नसतो. पन्नासएक रुपयांची तार! छिद्राविषयीं संशय असता तर तार तीच ठेवून छिद्र बदललें असतें. विजेच्या तारेचीहि अशीच परीक्षा करतां येते. परंतु दुसऱ्या यंत्राच्या वीजडब्याची सुटी तार केवळ टोंक जुळतें म्हणून आपल्या डब्यास लावूं नये. डब्याकडच्या बाजूची जुळणी निरनिराळ्या डब्यांत निरनिराळी असते, आणि चुकलें तर धडधाकट डिस्क क्षणांत जळते.

येथें गोष्ट संपली असती तर हा लेख अर्ध्या पानांत झाला असता. सूनबाईनें विंडोज सुरू होऊं दिलें नाहीं. एका पेन ड्राइव्हवर लिनक्स नांवाची दुसरी प्रणाली होती, तिच्यावरून तिनें यंत्र चालू केलें, म्हणजे डिस्कवर नवें कांहीं लिहिलें जाणार नाहीं. प्रत्येक डिस्क आपल्या प्रकृतीची एक वही आंतल्या आंत ठेवते. ती तिनें उघडली. १९९ या क्रमांकाच्या ओळींत, तारेवर निरोप बिघडल्याची मोजदाद असते. ती मोठी होती, म्हणजे तारेवरील आरोप डिस्कनेंच शाबीत केला. परंतु १९७ क्रमांकाची ओळ पाहून ती थांबली. ज्या जागा वाचतां येईनात म्हणून डिस्कनें बाजूस ठेवल्या आहेत त्यांची ती गणना. शून्य पाहिजे, तेथें १६ होते.

“तार सैल झाली त्याच वेळीं बहुतेक हिला धक्का बसलाय,” ती म्हणाली. “चालू असतांना कोणी डबा हलवला होता का?”

ओंकारनें मान हलविली. सर्वांनीं त्याच्याकडे पाहिलें.

डबा आम्हींच हलविला होता. गणपतीसाठीं खोली स्वच्छ करावी म्हणून त्या दिवशीं दुपारीं आम्हीं तो टेबलाखालून ओढून आडवा पाडला, खालची धूळ ओल्या फडक्यानें पुसली, आणि पायानें परत सारला. पडदा काळा होता, त्यावरून यंत्र बंद आहे असें आम्हीं धरून चाललों. पडदा झोंपतो तेव्हां यंत्र झोंपलेलें असतेंच असें नाहीं, आणि पेटीवरचा लहान दिवा लागलेला होता. तो आम्हीं पाहिला नाहीं. आम्हांस हें त्या क्षणीं आठवलें असें लिहिलें तर तें खरें होणार नाहीं. सायंकाळीं ओंकारास सर्व बोलत होते तेव्हांच आठवलें होतें. ‘त्याचा काय संबंध’ अशी मनाची समजूत घालून आम्ही चार तास गप्प बसलों. तीस वर्षें वर्गांत ‘कोणीं केलें तें उभें राहून सांगा’ असें आम्ही म्हणत आलों.

आम्हीं सांगितलें. बंधु कांहीं बोलले नाहींत. ओंकार म्हणाला, “आजोबा, मला वाटलंच होतं. तुमचं फडकं तिथंच पडलं होतं.” त्यानें तें कोणास सांगितलें नव्हतें.

त्या रात्रींच बाजारांतून बाहेरून जोडावयाची एक डिस्क आणली. प्रथम काय उतरवून घ्यावयाचें याविषयीं वाद झाला नाहीं. विवाहांचीं छायाचित्रें, वीजबिलें, पुतण्याच्या कर्जाचे कागद हें सर्व मागें ठेवून गार्गीची ती एक पेटिका आधीं घेतली. पहांटेपर्यंत १४० मुद्रणें सुखरूप आलीं. तिहींच्या वेळीं मात्र डिस्क अडखळूं लागली व सूनबाईनें आग्रह सोडून ती बंद केली. आतां त्या १४० प्रती तीन ठिकाणीं आहेत, त्यांपैकीं एक पुण्यास गार्गीपाशीं. बंधूंची दुपार पुन्हां सुरू झाली आहे.

जगांतील पहिली अशी डिस्क १९५६ सालीं अमेरिकेंत आयबीएमनें काढली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास चकत्या, कपाटाएवढा आकार, सुमारें एक टन वजन, आणि तींत मावत सुमारें पन्नास लक्ष अक्षरें. आजच्या फोनमधील एका छायाचित्रासहि तेवढी जागा कित्येकदां पुरत नाहीं. आमची डिस्क तळहाताहून थोडी मोठी. ती आतां सुती कापडांत गुंडाळून कपाटांत ठेवली आहे. न आलेल्या तिहींपैकीं दोन गाणीं वहिनींच्या धाकट्या भगिनीस येतात. त्यांनीं चिपळुणाहून फोनवर म्हणून दाखविलीं, आवाज निराळा पण चाल तीच. तिसऱ्यावर गार्गीनें नुसतें ‘आजी, दळण ७’ एवढेंच नांव घातलें होतें. त्यांत कोणती ओवी होती हें तिलाहि आठवत नाहीं.

पुण्यास अशा डिस्क धूळरहित खोलींत उघडून वाचणारे लोक आहेत. त्यांनीं फोनवर जो आंकडा सांगितला तो नव्या संगणकाच्या किंमतीहून अधिक आहे, आणि यशाची हमी ते देत नाहींत. घरांत दोन मतें पडलीं. बंधूंनीं शेवटीं आपल्या पेन्शनचें पुस्तक आमच्यापुढें ठेवलें. तें आम्हीं परत केलें, कारण हा खर्च आमच्याकडे लागतो. येत्या गुरुवारीं आम्ही डिस्क घेऊन पुण्यास जाणार आहों. ओंकार बरोबर येणार आहे; पिशवी तोच धरणार, असें त्यानें बजावलें आहे.

इन्व्हर्टरविषयीं पुढील अंकीं.